हायड्रोपोनिक्सच्या टाकीतला ईसी: मोजायचा कसा, वाचायचा कसा

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यात झाडं वाढवणं, आणि त्या पाण्यात खत किती याचा अंदाज ईसीच्या आकड्यावरून घेतात. लेट्युसच्या टाकीत मीटर बुडवला आणि पडद्यावर ८४० आलं. चांगलं की वाईट? मीटर मायक्रोसीमेन्समध्ये बोलत असेल तर ईसी ०.८४ झाला, म्हणजे लेट्युसला जेमतेम पुरेसा (ही एककं आणि पट्ट्या लगेच पुढे उलगडू). ५०० च्या पट्टीवरचे पीपीएम असतील तर १.६८, मे महिन्यातल्या लेट्युसला जडच. ७०० च्या पट्टीवरचे असतील तर १.२, कशालाही हात लावायची गरज नाही. आकडा एकच आणि निर्णय तीन. मुंबईत गॅलरीत नाहीतर गच्चीवर टब-पाइप लावणाऱ्यांची पहिली गडबड बहुतेक वेळा इथेच होते, खत घालण्यात नाही.

आधी एककाची भानगड मिटवा

खतं पाण्यात विरघळली की त्यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि पाण्यातून वीज वाहू लागते. आयन जितके जास्त, तितकी वीज जास्त. ही वाहकता म्हणजेच ईसी. ती मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये सांगतात. यापुढे नुसता आकडा लिहिला असेल तर तो याच एककातला समजा. १ मिलिसीमेन्स म्हणजे १००० मायक्रोसीमेन्स. माती परीक्षणाच्या अहवालात डेसिसीमेन्स प्रति मीटर दिसतं, ते आणि हे एकच.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा मीटर वेगळं काही मोजत नाही. तोही ईसीच मोजतो, एका ठरावीक आकड्याने गुणतो आणि उत्तर पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) म्हणून दाखवतो. हा गुणक कंपनीगणिक बदलतो. काही मीटर १.० ईसीला ५०० पीपीएम म्हणतात, काही ६४०, काही ७००. ५०० ची पट्टी मिठाच्या पाण्यावर बेतलेली आहे, ७०० ची तीन क्षारांच्या एका मिश्रणावर. तुमच्या टाकीत यांपैकी काहीच नसतं, त्यामुळे पीपीएमचा आकडा कुठल्याही पट्टीवर अंदाजच असतो. मीटरवर ईसी दाखवायची सोय असेल तर तीच लावून ठेवा आणि पीपीएम विसरून जा. नसेल तर मीटरची पट्टी एकदा शोधून काढा आणि मार्करने त्याच्या पाठीवर लिहा.

पट्टी ओळखायला १४१३ मायक्रोसीमेन्सचं कॅलिब्रेशन सोल्यूशन लागतं. त्यात मीटर ७०७ च्या आसपास थांबला तर पट्टी ५०० ची, ९०४ च्या आसपास थांबला तर ६४० ची आणि ९८९ च्या आसपास थांबला तर ७०० ची.

आरओवाले वापरतात त्या दोन-तीनशे रुपयांच्या पेनमध्ये आणखी एक खाच आहे. ९९९ च्या पुढे गेल्यावर तो एक शून्य गाळतो आणि कोपऱ्यात बारीक ‘×१०’ दाखवतो. ११२ दिसतं, असतं ११२०. चष्मा न लावता हे वाचलं की माणूस ‘खत फारच कमी पडलंय’ म्हणून आणखी ओततो, आणि दोन दिवसांत पानांच्या कडा करपतात.

मीटरला काय दिसत नाही

ईसी म्हणजे एकूण विरघळलेल्या आयनांचा अंदाज. त्यात नत्र किती, पालाश किती, कॅल्शियम किती आणि मीठ किती, हे मीटरला कळत नाही. नळाच्या पाण्यात मीठ कालवलं तरी तो १.२ दाखवेल.

उलटंही घडतं. युरिया विरघळतो पण त्याचे आयन होत नाहीत, म्हणून तो मीटरला दिसतच नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १९:१९:१९ या खतातल्या १९ टक्के नत्रापैकी साडेदहा टक्क्यांपर्यंत नत्र युरियाच्या रूपात असू शकतं. अशा खताने ईसी १.२ वर आणला तर प्रत्यक्षातलं नत्र मीटर सुचवतो त्यापेक्षा बरंच जास्त असतं. शिवाय माती नसलेल्या पाण्यात युरियाचं नायट्रेट करणारे जिवाणू पुरेसे नसतात, त्यामुळे ते नत्र झाडाला नीट मिळतही नाही. १९:१९:१९ कुंडीत आणि शेतात कामाचं आहे. हायड्रोपोनिक्सच्या टाकीत ते घालू नका. गोमूत्र, जीवामृत, कंपोस्टचा अर्क यांच्याबाबतीतही ईसीवरून पोषणाचा हिशोब लागत नाही.

मीटर कसा असावा

दोन सुया असलेला साधा पेन चालतो, पण त्यावर तापमान भरपाई म्हणजे ‘एटीसी’ लिहिलेलं हवं. एकाच पाण्याची वाहकता दर अंश सेल्सिअसला साधारण २ टक्क्यांनी वाढते. सगळे तक्ते २५ अंशांचे असतात आणि गच्चीवरची टाकी एप्रिलच्या दुपारी सहज ३३ ला जाते. एटीसी नसलेला मीटर तेव्हा १.२ च्या जागी जवळपास १.४ दाखवेल. तुम्ही उगाच पाणी ओतून खत पातळ कराल आणि रोप उपाशी राहील.

सुया पोलादाच्या असतात किंवा ग्रॅफाइटच्या. ग्रॅफाइटवर क्षार कमी चिकटतात, पण ते ठिसूळ असतं, कापसाने जोर लावून घासू नका. जाता जाता: मीटर पाण्यातून सरळ करंट सोडत नाही, उलटसुलट बदलणारा करंट सोडतो. सरळ करंटमध्ये सुयांवर आयन साचतात आणि मापन बिघडतं. ही युक्ती जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी १९व्या शतकात वापरली. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर घरगुती ईसी मोजायचे प्रयोग फसतात ते याच कारणाने.

मीटर ऑनलाइन मिळतात, लॅमिंग्टन रोडलाही मिळतात. कॅलिब्रेशन सोल्यूशन आणि लॅबचं पोटॅशियम क्लोराइड प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे विचारा.

कॅलिब्रेशन

नवा मीटर खोक्यातून बरोबरच निघतो असं समजू नका. वापरायच्या आधी एकदा आणि नंतर महिन्याला एकदा तपासा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी तपासलेलं बरं.

१४१३ चं सोल्यूशन म्हणजे ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड. विकतची पुडी नसेल आणि मिलिग्रॅमचा काटा हाताशी असेल तर ०.७४६ ग्रॅम शुद्ध, कोरडं पोटॅशियम क्लोराइड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर करा. शेतीचं एमओपी हे नावाने पोटॅशियम क्लोराइडच असलं तरी शुद्ध नसतं, ते इथे चालणार नाही.

१. सुया डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि झटका. बॅटरीत घालायचं पाणी धुण्यापुरतं चालतं.

२. छोट्या कपात थोडं सोल्यूशन घ्या, त्यात मीटर हलवा आणि ते टाकून द्या. सुयांवर राहिलेला थेंब नव्या सोल्यूशनला पातळ करतो, म्हणून हा पहिला घोट वाया घालवायचाच.

३. दुसऱ्या कपात ताजं सोल्यूशन घ्या. सुया पूर्ण बुडू द्या, कपाच्या तळाला टेकू देऊ नका. हलकेच टकटक करा म्हणजे सुयांमध्ये अडकलेला बुडबुडा निघून जाईल. बुडबुडा अडकला की आकडा कमी येतो.

४. एक मिनिट थांबा. मीटर एसीच्या खोलीत होता आणि सोल्यूशन बाहेर, तर आकडा सरकत राहतो. तो थांबला की १४१३ वर आणा. काही पेनमध्ये बटण दाबून ठेवायचं असतं, काहींत सेलच्या झाकणाखाली इवलासा स्क्रू असतो. तो चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवा.

५. वापरलेलं सोल्यूशन परत बाटलीत ओतू नका.

एटीसी नसेल तर सोल्यूशनचं तापमान थर्मामीटरने बघा. १४१३ हा २५ अंशांचा आकडा आहे. तेच सोल्यूशन ३० अंशांना १५५० च्या आसपास असतं, तेव्हा त्या आकड्याला मीटर जुळवा.

सोल्यूशन संपलंय आणि मीटर ठार वेडा झालाय की ठीक आहे एवढंच बघायचं आहे, तर मीठ पुरतं. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम मीठ म्हणजे ईसी सुमारे २.०. स्वयंपाकघरातल्या काट्याला १ ग्रॅम नेमका कळत नाही, म्हणून १० ग्रॅम मीठ विरघळवून १ लिटर करा, त्यातलं १०० मिली घ्या आणि पुन्हा पाणी घालून १ लिटर करा. १.९ ते २.१ मध्ये आकडा आला तर मीटर कामाचा आहे. १.५ आला तर आधी सुया साफ करा. यावरून कॅलिब्रेशन मात्र करू नका.

मुंबईचं पाणी

इथे मुंबईकरांचं नशीब चांगलं आहे. भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, उर्ध्व वैतरणा, विहार आणि तुळशी या तलावांत पावसाचं पाणी साठतं आणि ते फार क्षार न उचलता येतं. पालिकेच्या नळाच्या पाण्याचा ईसी साधारण ०.१ ते ०.२ निघतो. म्हणजे टाकीत मोजलेलं जवळपास सगळं तुम्ही घातलेलं खतच असतं. बोअरवेलवर अवलंबून असलेल्या गावात हे सुख नाही. पालिकेच्या पाण्यासाठी आरओ बसवणं म्हणजे पैसे आणि पाणी दोन्ही गटारात.

मऊ पाण्याची दोन दुखणी आहेत. एक, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नावापुरतंच असतं, ते खतातूनच द्यावं लागतं. दोन, पीएचला म्हणजे सामूला धरून ठेवणारं त्यात काही नसतं. इंटरनेटवरच्या तक्त्यात लिहिलेलं अ‍ॅसिडचं प्रमाण इथे ओतलंत तर पीएच धाडकन चारवर येतो. थेंबाथेंबाने घाला.

पण हे सगळं पालिकेच्या पाण्याचं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, बऱ्याच इमारतींत बोअरिंग असतं आणि समुद्राजवळच्या किंवा खाडीकाठच्या बोअरिंगला खारटपणा येतो. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या वर असतो. ते १०० लिटरमध्ये १ लिटर मिसळलं तरी ईसी ०.६-०.७ ने चढतो. काही इमारतींत गॅलरीतला नळ फ्लशच्या लाइनीवर असतो, म्हणजे त्यात बोअरिंगचं पाणी. स्वयंपाकघरातला नळ आणि गॅलरीतला नळ दोन्ही मोजून बघा. ०.१ आणि ०.९ असा फरक निघाला तर कोणतं पाणी घ्यायचं हे सांगायला नको.

पायाभूत म्हणजे खत घालण्याआधीचं पाणी ०.९ चं आणि लेट्युसला हवं १.२, तर खतासाठी जागा उरली ०.३ ची. मीटर खूश, झाड उपाशी. पायाभूत ईसी ०.५ च्या वर असेल तर त्यात पावसाचं, आरओचं किंवा नळाचं पाणी मिसळून तो खाली आणा. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याचा ईसी नोंदवा, आणि इमारतीत टँकर दिसला त्या दिवशी हमखास.

द्रावण करणं आणि मोजणं

हायड्रोपोनिक्सच्या तयार खताच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या असतात त्या विक्रेत्याच्या सोयीसाठी नाहीत. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट असतं, बी मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. तीव्र स्वरूपात दोन्ही भेटले की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होऊन तळाला पांढरा गाळ बसतो. तो गाळ आता मुळांनाही मिळत नाही आणि मीटरलाही दिसत नाही. मापाने खत पूर्ण घातलं तरी ईसी कमी येतोय आणि बादलीचा तळ दुधाळ आहे, तर हेच झालंय. ते पाणी टाका, नव्याने करा. क्रम असा: पाणी पूर्ण भरा, ए घाला, चांगलं ढवळा, मग बी घाला. दोन्हींना वेगळी सिरिंज ठेवा.

बाटलीवर ‘१ लिटरला ५ मिली’ असं छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका, आपलं माप आपण काढा. १ लिटर नळाचं पाणी घ्या, समजा ०.१ आहे. औषधाच्या सिरिंजने २ मिली ए आणि ढवळून २ मिली बी घाला. आता मोजा, समजा ०.९ आलं. म्हणजे दोन्हींचं एकेक मिली, दर लिटरला ईसी ०.४ ने वाढवतं. हा आकडा बाटलीवर लिहून ठेवा. आता २० लिटरच्या टाकीत १.१ आहे आणि १.५ करायचं आहे, तर वाढ हवी ०.४, म्हणजे लिटरला १ मिली, म्हणजे ए २० मिली आणि बी २० मिली. एकदम ओतू नका. आधी तीन चतुर्थांश घाला, मोजा, मग उरलेलं. वर चढवणं सोपं, खाली आणणं पाणीखाऊ.

खाली आणायचं गणितही ठेवून द्या. २० लिटर द्रावण २.४ वर गेलंय, १.६ हवं आहे, नळाचं पाणी ०.१. काढायचं आणि बदली घालायचं पाणी = २० × (२.४ − १.६) ÷ (२.४ − ०.१), म्हणजे जवळपास ७ लिटर. तेवढं उपसा, तेवढंच साधं पाणी भरा. उपसलेलं पाणी पातळ करून कुंड्यांना घाला.

मोजायच्या आधी पंप किंवा एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) १०-१५ मिनिटं चालू द्या. मग पंप बंद करा, आणि मीटर टाकीत न घालता एका कपात नमुना घ्या. कप त्याच पाण्याने दोनदा विसळा. टाकीत थेट बुडवलं की एअर स्टोनचे बुडबुडे आकडा पाडतात, आणि सबमर्सिबल पंपाची थोडी जरी विजेची गळती असली तरी आकडा नाचतो. गळतीची शंका आली तर पंप बदला. तिथे प्रश्न मीटरचा नाही, ओल्या हाताला शॉक बसण्याचा आहे.

पीएच मोजायचा असेल तर ईसीनंतर, आणि वेगळ्या कपात. पीएच पेनच्या टोकाला ज्या द्रावणात ठेवतात ते ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड असतं. त्याचा थेंबभर कपात उतरला तरी ईसी फुगतो. खत आधी, ईसी नंतर आणि पीएचची दुरुस्ती सगळ्यात शेवटी, कारण खत घातल्यावर पीएच हलतोच. तो ५.५ ते ६.५ मध्ये राहिला की पुरे.

रोजचा आकडा कसा वाचायचा

ईसी एकटा वाचू नका. टाकीवर आतून मार्करने पातळीची रेघ मारा, आणि सकाळी उन्हाआधी पातळी आणि ईसी दोन्ही लिहा. पाणी भरायच्या आधी एकदा, भरून ढवळल्यावर एकदा.

२० लिटरचा टब, काल १.२ वर भरलेला. आज १८.५ लिटर उरलंय. आता तीन शक्यता बघू.

ईसी १.२८ आलाय. झाडांनी पाणी प्यायलं, खत फारसं घेतलं नाही. दीड लिटर साधं पाणी घाला, ईसी आपोआप १.१९ वर येतो. हे चार-पाच दिवस सलग होत असेल तर द्रावण झाडाला तीव्र होतंय, पुढच्या वेळी १.० वर भरा. इथे बरेच जण भरण्यासाठीही खताचंच पाणी वापरतात आणि आठवड्याभरात ईसी १.८ ला नेऊन बसवतात.

ईसी १.०५ आलाय. झाडं पाण्यापेक्षा खत वेगाने खातायत. साधं पाणी घातलं तर ईसी ०.९८ होईल, म्हणून खत घालून पुन्हा १.२ करा.

ईसी १.२ च आहे. दोन्ही सारख्या प्रमाणात जातंय, १.२ चंच पाणी भरा. पण एका रात्रीत ५ लिटर गेलं आणि ईसी जागचा हलला नाही, तर झाडांची भूक वगैरे काही नाही, कुठेतरी गळतंय. झाड पितं तेव्हा ईसी सहसा थोडा तरी हलतो, गळतीत तो हलत नाही. ग्रोमेट (पाइप जातो त्या भोकातली रबरी कडी) आणि पाइपचे सांधे बोटाने चाचपा, खालच्या मजल्यावरून निरोप यायच्या आत.

पातळी वाढलीय आणि ईसी उतरलाय, तर पाऊस आत गेलाय. झाकण लावा, डासांचाही प्रश्न मिटतो.

किती ईसी हवा? लेट्युसला ०.८ ते १.२, तुळस-बेसिलला १.० ते १.६, पाकचोईला १.५ ते २.०, पालकाला १.८ ते २.३, मिरचीला १.८ ते २.५, टोमॅटोला २.० पासून फळधारणेत ३.५ पर्यंत. नुकत्या लावलेल्या रोपांना पीक कुठलंही असो, ०.५ ते ०.८. बहुतेक तक्ते थंड हवेतल्या काचघरांसाठी लिहिलेले असतात. मुंबईत पट्ट्याच्या खालच्या टोकाला राहा, आणि एप्रिल-मेमध्ये त्याहीपेक्षा १०-२० टक्के खाली. एकाच टाकीवर लेट्युस आणि टोमॅटो लावू नका, दोघांपैकी एक कायम नाराज राहणार.

ऋतूंची गडबड

उन्हाळ्यात झाड पाणी भराभरा ओढतं, म्हणून ईसी दुपारपर्यंत चढतो. टाकी सावलीत ठेवा, थर्माकोल गुंडाळा. पाणी गोठवलेल्या बाटल्या सोडायच्या तर झाकणं घट्ट लावूनच. सुटा बर्फ वितळला की ईसीचा हिशोबही वितळतो.

पावसाळ्यात उलटं. हवेत इतकी ओल की पानांतून बाष्प जात नाही, आणि कॅल्शियम तर त्या ओढीबरोबरच वर चढतं. मग लेट्युसच्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडतात. टाकीत कॅल्शियम असतं, पानापर्यंत पोचत नाही. अशा वेळी आणखी कॅल्शियम नायट्रेट घातलं की ईसी चढतो आणि झाडाला पाणी ओढणं आणखी जड जातं. ईसी ०.८-०.९ वर आणा आणि छोटा पंखा लावून हवा हलती ठेवा.

सुटं खत वापरणाऱ्यांसाठी पावसाळ्याचा आणखी एक त्रास म्हणजे कॅल्शियम नायट्रेट. ते हवेतली ओल इतकी खेचतं की उघड्या पिशवीत जुलैमध्ये त्याचा ओला गोळा होतो. नेहमीसारखे २० लिटरला १० ग्रॅम मोजले तरी त्यातले काही ग्रॅम पाणीच असतं. कोरड्या खताने ईसी सुमारे ०.६ ने चढायला हवा, ०.४५ नेच चढला तर काट्यावर नाही, मीटरवर भरवसा ठेवा. आणलेली पिशवी पहिल्याच दिवशी रबरी कडेच्या हवाबंद डब्यात भरा.

आकडा पटत नसेल तेव्हा

ईसी बरोबर, पण पानं पिवळी: द्रावण जुनं झालंय. झाडाने हवं ते घेतलं, नको ते सोडियम आणि क्लोराइड मागे राहिलं, आणि मीटर दोन्ही सारखंच मोजतो. छोट्या टाकीतलं द्रावण १०-१५ दिवसांनी पूर्ण बदला. टँकरचं पाणी असेल तर आठवड्याने.

नव्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) लावल्यावर खत न घालताही ईसी चढतोय: कोकोपीट न धुतलेलं आहे. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. एक भाग कोकोपीट पाच भाग साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, गाळा, मोजा. नळाच्या पाण्यापेक्षा ०.५ हून जास्त आलं तर पुन्हा धुवा. वेष्टनावर ‘लो ईसी’ छापलेलं असलं तरी एकदा मोजाच.

आकडा दिवसेंदिवस कमी येतोय, कॅलिब्रेशन सोल्यूशनमध्येसुद्धा: सुयांवर थर बसलाय. पांढरा, खडबडीत असेल तर क्षार. व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं बुडवून धुवा. बुळबुळीत असेल तर शेवाळ-जिवाणूंचा थर. भांड्यांच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल. मग पुन्हा कॅलिब्रेट करा.

आकडा थांबतच नाही, किंवा पडदा फिकट दिसतो: बटण सेल संपत आलेत. दमट हवेत त्यांच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो, तो खोडरबराने घासून निघतो. ईसी पेन कोरडाच ठेवायचा असतो. पीएच पेनसारखा ओला ठेवायची गरज नाही. धुवा, झटका, टोपण लावा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिलिका जेलच्या पुडीसकट डब्यात ठेवा. महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून.